लिनक्सवर डीफॉल्ट गेटवे: घरच्या इंटरनेटबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नातेवाईक, शेजारी आणि सोसायटीतली कॉलेजची मुलं यांनी फोनवर विचारलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. बहुतेकांची सुरुवात एकाच वाक्याने होते: "दादा, वायफाय दिसतंय, पण नेट नाही."

या पानावरच्या कमांड देवनागरीत का लिहिल्या आहेत?

मी त्या फोनवर जशा सांगतो तशाच इथे आल्या आहेत. टर्मिनलमध्ये टाइप करताना त्या इंग्रजी लहान लिपीत लिहायच्या, आकडेही इंग्रजीच. "राउट" म्हणजे राउटरमधला राउट, आर-ओ-यू-टी-ई. सर्वेसर्वा वापरकर्ता असतो तो "रूट" वेगळा. या दोघांची गल्लत करून एकाने अर्धा तास घालवला होता.

डीफॉल्ट गेटवे म्हणजे नेमकं काय?

गावाची वेस. गावातल्या गावात कुणाकडे जायचं असेल तर सरळ त्याच्या दारात जाता येतं. गाव सोडून कुठेही जायचं असलं, मग ते शेजारचं खेडं असो की दिल्ली, आधी वेशीपर्यंत यावंच लागतं. तुमच्या लॅपटॉपला घरातला प्रिंटर, टीव्ही, भावाचा मोबाइल हे सगळे गावातले वाटतात. बाकीच्या जगाचा रस्ता त्याला ठाऊक नसतो. त्याला एवढंच माहीत असतं की ओळखीचा पत्ता नसेल तर पाकीट, म्हणजे पाठवायच्या माहितीचा तुकडा, राउटरकडे द्यायचं.

लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यात, या मार्गांचा एक तक्ता असतो. पाकीट निघालं की कर्नल तक्त्यातली त्याच्या पत्त्याशी सगळ्यात नेमकी जुळणारी ओळ शोधतो. डीफॉल्टची ओळ म्हणजे ०.०.०.०/०. तिरक्या रेघेपुढचा आकडा पत्त्याचे सुरुवातीचे किती बिट जुळायला हवेत ते सांगतो, इथे शून्य. ती प्रत्येक पत्त्याशी जुळते, पण सगळ्यात ढोबळपणे, म्हणून दुसरी कुठलीच ओळ लागू पडली नाही तरच तिची पाळी येते. हा नियम लक्षात ठेवा, खाली व्हीपीएनच्या प्रश्नात त्याची गंमत आहे.

माझ्या मशीनवर गेटवे आहे की नाही, हे कसं बघायचं?

टर्मिनल उघडा आणि लिहा:

आयपी राउट

साधारण अशा दोन ओळी दिसतील:

डीफॉल्ट वाया १९२.१६८.१.१ डेव्ह ईएनपी३एस० प्रोटो डीएचसीपी एसआरसी १९२.१६८.१.३७ मेट्रिक १००
१९२.१६८.१.०/२४ डेव्ह ईएनपी३एस० प्रोटो कर्नल स्कोप लिंक एसआरसी १९२.१६८.१.३७ मेट्रिक १००

पहिली ओळ वेशीची, दुसरी गावाची. "वाया"च्या पुढचा पत्ता हा गेटवे. "डेव्ह"च्या पुढे कुठल्या कार्डातून जायचं ते. "प्रोटो डीएचसीपी" म्हणजे ही ओळ राउटरने स्वतः दिली, कुणी हाताने घातलेली नाही. "एसआरसी" हा तुमच्या मशीनचा पत्ता. "मेट्रिक" हा वाटेच्या पसंतीचा आकडा, त्याच्याकडे आत्ता दुर्लक्ष करा, नंतर त्याच्यावरच भांडण आहे.

कार्डाचं नाव ईटीएच० असायचं ते दिवस बहुतेक डिस्ट्रोंमध्ये (उबुंटू, फेडोरा अशा लिनक्सच्या प्रकारांत) संपले. आता ईएनपी३एस० किंवा डब्ल्यूएलपी२एस० अशी नावं दिसतात. ईएन म्हणजे केबलचं, डब्ल्यूएल म्हणजे वायफायचं. पुढचे आकडे कार्ड कुठल्या खाचेत बसलंय ते सांगतात.

जुन्या पुस्तकांत "राउट -एन" ही कमांड सापडेल. ती नेट-टूल्स या जुन्या पॅकेजातली आहे आणि नव्या इन्स्टॉलेशनमध्ये अनेकदा नसते. "कमांड नॉट फाउंड" आलं तर घाबरू नका, "आयपी राउट" वापरा.

राउटरचा पत्ता काय असतो? सगळ्यांचा १९२.१६८.१.१ असतो का?

नाही, आणि इथेच पुष्कळजण फसतात. जिओफायबरचा राउटर १९२.१६८.२९.१ वर असतो. डी-लिंकचे बरेच राउटर १९२.१६८.०.१ वर. आयफोनचा हॉटस्पॉट १७२.२०.१०.१ देतो. जुन्या अँड्रॉइडचा हॉटस्पॉट १९२.१६८.४३.१ वर असायचा, अँड्रॉइड ११ पासून तो पत्ता बदलता असतो. घराच्या आतले हे पत्ते तीन राखीव पट्ट्यांतले: १० ने सुरू होणारे, १७२.१६ ते १७२.३१ पर्यंतचे आणि १९२.१६८ चे. १९९६ मध्ये हे पट्टे खाजगी वापरासाठी ठरवून दिले गेले, म्हणून तुमच्या घरातला १९२.१६८.१.१ आणि शेजाऱ्याच्या घरातला १९२.१६८.१.१ यांचा एकमेकांशी काहीही संबंध नाही.

अंदाज बांधू नका. राउटरच्या मागच्या स्टिकरवर बघा, किंवा त्याच वायफायवर असलेल्या मोबाइलच्या वायफाय सेटिंगमध्ये गेटवेची ओळ शोधा.

मग गेटवे मला हाताने टाकायची गरज आहे का?

शंभरातल्या बहुतेक घरांत नाही. मशीन जोडलं की ते डीएचसीपीने राउटरला विचारतं आणि राउटर एका उत्तरात सगळं देतो: तुझा पत्ता हा, गेटवे हा, साइटच्या नावावरून पत्ता सांगणारा डीएनएस हा, आणि हे इतक्या वेळापुरतं. कुणी तुम्हाला "लिनक्सवर सेटिंग हाताने करावं लागतं" म्हणालं, तर त्याने शेवटचं लिनक्स पंधरा वर्षांपूर्वी पाहिलं असावं. आमच्याकडे फायबर जोडायला आलेल्या मुलाने लॅपटॉपची स्क्रीन पाहून "हे सपोर्ट होत नाही" असं जाहीर केलं होतं. तो बोलत होता तोवर मशीनने पत्ता, गेटवे दोन्ही घेऊन झाले होते.

हाताने टाकायची वेळ येते ती एखाद्या मशीनचा पत्ता कायम तोच हवा असेल तेव्हा: घरातला फाइल सर्व्हर, रास्पबेरी पाय, दुकानातलं बिलिंगचं मशीन. तेव्हाही माझा सल्ला हाच की राउटरमध्येच त्या मशीनसाठी पत्ता राखून ठेवा. राउटर बदलला तर एकाच जागी दुरुस्ती करावी लागते.

तात्पुरता गेटवे कसा टाकायचा?

सुडो आयपी राउट ॲड डीफॉल्ट वाया १९२.१६८.१.१

"सुडो" म्हणजे कमांड रूटच्या अधिकाराने चालवणं. आधीची ओळ बदलायची असेल तर "ॲड"च्या जागी "रिप्लेस", काढायची असेल तर "डेल". मशीन रीस्टार्ट केलं की हे सगळं पुसलं जातं. तपासणीसाठी हे वरदान आहे, कारण काही बिघडलंच तर रीस्टार्ट हा उतारा हाताशी असतो.

नकार आला तर तो वाचा. "ऑपरेशन नॉट परमिटेड" म्हणजे सुडो विसरलात. "फाइल एक्झिस्ट्स" म्हणजे त्याच मेट्रिकची डीफॉल्ट ओळ आधीच आहे, "रिप्लेस" वापरा. "नेक्स्टहॉप हॅज इनव्हॅलिड गेटवे" हा सगळ्यात बोलका: तुम्ही सांगितलेली वेस तुमच्या गावात नाहीच. मशीनचा पत्ता १९२.१६८.२९.४० असताना गेटवे १९२.१६८.१.१ दिला की हेच येणार. तिथे गेटवे बरोबर आहे का बघण्याआधी मशीनचा स्वतःचा पत्ता बघा.

आणि कायमचा?

तुमच्या मशीनवर नेटवर्कचा कारभार कोण बघतं यावर ते अवलंबून आहे. एका घरात दोन कारभारी नकोत. फाइल एकाची बदलायची आणि कारभार दुसऱ्याचा, असं झालं की तुमचं सेटिंग "आपोआप" नाहीसं होतं.

डेस्कटॉपवर, म्हणजे उबुंटू, फेडोरा, मिंट यांवर, बहुधा नेटवर्कमॅनेजर नावाचा कारभारी असतो. सेटिंग्जमध्ये जोडणीच्या दातेरी चाकावर क्लिक करा, आयपीव्ही४ चं पान उघडा, "मॅन्युअल" निवडा, पत्ता, मास्क (गावाची हद्द सांगणारा आकडा) आणि गेटवे भरा. डीएनएसचा रकाना विसरू नका. हाताने पत्ता दिला की डीएनएसही तुम्हालाच द्यावा लागतो. भरून झाल्यावर जोडणी बंद करून पुन्हा चालू करा, नुसतं "अप्लाय" दाबून भागत नाही. टर्मिनलवरून गेटवेपुरतं हेच "एनएमसीएलआय कनेक्शन मॉडिफाय", मग जोडणीचं नाव, मग "आयपीव्ही४.गेटवे १९२.१६८.१.१" असं करता येतं.

उबुंटू सर्व्हरवर नेटप्लॅन असतो. त्याची फाइल /ईटीसी/नेटप्लॅन या फोल्डरमध्ये. जुन्या लेखांत "गेटवे४" अशी ओळ सांगितलेली असते, ती आता कालबाह्य ठरवली आहे आणि वापरली की इशारा येतो. नवी पद्धत अशी:

राउट्स:
  - टू: डीफॉल्ट
    वाया: १९२.१६८.१.१

डावीकडच्या जागा स्पेसनेच सोडायच्या, टॅब दाबलात तर फाइल वाचलीच जात नाही. लिहून झाल्यावर थेट "नेटप्लॅन अप्लाय" करू नका. "सुडो नेटप्लॅन ट्राय" करा. ते नवं सेटिंग लावून १२० सेकंद वाट बघतं, आणि तुम्ही एंटर दाबला नाहीत तर जुनं परत आणतं. दुसऱ्या खोलीतल्या सर्व्हरवर एसएसएचने, म्हणजे दुरूनच टर्मिनल उघडून, गेटवे बदलणाऱ्या प्रत्येकाने हे लक्षात ठेवावं. मी स्वतःला बाहेर कोंडून घेऊन मग मॉनिटर उचलून माळ्यावर नेला आहे, म्हणून सांगतोय.

साध्या डेबियनवर /ईटीसी/नेटवर्क/इंटरफेसेस या फाइलमध्ये पत्त्याखाली "गेटवे १९२.१६८.१.१" एवढी ओळ पुरते. रास्पबेरी पायच्या जुन्या धड्यांत डीएचसीपीसीडीची फाइल बदलायला सांगतात. २०२३ साली आलेल्या बुकवर्म आवृत्तीपासून तिथेही नेटवर्कमॅनेजर आला आहे, त्यामुळे ती फाइल बदलून काहीच होत नाही.

केबल आणि वायफाय दोन्ही जोडलेत. नेट कुठून जातं?

ज्याचं मेट्रिक कमी, त्यातून. नेटवर्कमॅनेजर केबलला १०० आणि वायफायला ६०० देतो, म्हणून दोन डीफॉल्ट ओळी दिसल्या तरी काम केबलवरून चालतं. कर्नल नक्की कुठली वाट धरणार हे विचारायचं असेल तर:

आयपी राउट गेट १.१.१.१

उत्तरात कार्डाचं नाव येतं. वादावादी संपवायला ही कमांड फार उपयोगी आहे.

केबल लावली की नेट जातं, काढली की वायफायवर येतं. असं का?

कारण केबलचं टोक जिथे आहे तिथे इंटरनेट नाही, पण गेटवे मात्र मिळतोय. मेट्रिक १०० असल्याने सगळं तिकडेच जातं आणि बुडतं. नेटवर्कमॅनेजरमध्ये कनेक्टिव्हिटीची तपासणी चालू असेल तर तो हे ओळखून त्या ओळीच्या मेट्रिकमध्ये २०००० मिळवतो, मग १०० चे २०१०० होतात आणि वायफाय पुढे येतं. तपासणी अधूनमधून होत असल्याने हे लगेच होत नाही. "आयपी राउट"मध्ये वीस हजारांच्या वरचं मेट्रिक दिसलं की समजायचं, कारभाऱ्याने त्या वाटेवर काटे टाकले आहेत.

दोन लॅन कार्डं आहेत, दोन्हींना गेटवे भरलाय. नेट कधी चालतं, कधी नाही.

माझ्या मावसभावाच्या दुकानाची हीच कथा. एका कार्डाला इंटरनेटचा राउटर, दुसऱ्याला सीसीटीव्हीचा डीव्हीआर, म्हणजे रेकॉर्डिंगचा डबा. सेटिंगच्या पानावर रकाने होते तेवढे सगळे त्याने मनोभावे भरले. डीव्हीआरच्या बाजूलाही गेटवे म्हणून डीव्हीआरचाच पत्ता दिला. सकाळी शटर उघडून मशीन चालू केलं की एखाद्या दिवशी बिल ऑनलाइन जायचं, एखाद्या दिवशी नाही. त्याने आधी केबल बदलली, मग राउटर बदलला, मग माझ्यावर चिडला.

कारण असं होतं: दोन्ही कार्डं केबलचीच, दोघांनाही मेट्रिक १०० हवं. दोन डीफॉल्ट ओळींना एकच मेट्रिक नको म्हणून नेटवर्कमॅनेजर मागून येणाऱ्याला १०१ देतो. ज्या दिवशी इंटरनेटचं कार्ड आधी जागं झालं, त्या दिवशी सगळं ठीक. ज्या दिवशी डीव्हीआरचं आधी, त्या दिवशी सगळी पाकिटं डीव्हीआरच्या दारात. तो बिचारा कॅमेरे बघणार की इंटरनेट पुरवणार?

उपाय एका मिनिटाचा. डीव्हीआरच्या जोडणीत पत्ता आणि मास्क ठेवा, गेटवेचा रकाना रिकामा करा, आणि त्याच पानावर "यूज धिस कनेक्शन ओन्ली फॉर रिसोर्सेस ऑन इट्स नेटवर्क" या चौकटीवर खूण करा. टर्मिनलवर याचं नाव "आयपीव्ही४.नेव्हर-डीफॉल्ट येस". डीव्हीआर गावातलाच असल्याने त्याला वेस लागतच नाही. घरातल्या मशीनला एकच खरा गेटवे पुरतो, दुसरा टाकला तर तो का हवा हे आधी स्वतःला सांगता आलं पाहिजे.

नेट नाही. दोष गेटवेचा आहे हे कसं ओळखायचं?

पिंग म्हणजे एखाद्या पत्त्याला हाक मारून उत्तर येतं का बघणं. क्रमाने तीन पिंग करा: आधी गेटवेला, मग १.१.१.१ ला, मग एखाद्या साइटच्या नावाला. प्रत्येकाला "पिंग -सी ४" आणि पुढे पत्ता. आता उत्तराचे शब्द नीट वाचा.

"नेटवर्क इज अनरीचेबल" आलं तर मशीनकडे मार्गच नाही. तक्त्यात डीफॉल्टची ओळ नाही, पाकीट दाराबाहेर पडलंच नाही. हा खरा गेटवेचा दोष.

"डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल" आणि ते सांगणारा पत्ता तुमचाच असेल, तर ओळ आहे, पण त्या पत्त्यावर कुणी दार उघडत नाही. राउटर बंद आहे, केबल सैल आहे किंवा गेटवेचा आकडा चुकलाय. "आयपी नेबर" असं लिहून बघा (कमांडमध्ये "नेबर"च्या इंग्रजी स्पेलिंगमधली शेवटची अक्षरं गाळून, एन-ई-आय-जी-एच एवढंच लिहिलं तरी चालतं). गेटवेसमोर "फेल्ड" किंवा "इनकम्प्लीट" असेल तर तो सापडत नाहीये. "रीचेबल" असेल आणि तरी पिंगला उत्तर नसेल, तर राउटरने पिंग बंद ठेवलं असू शकतं, त्यावरून त्याला मेलेला ठरवू नका.

गेटवे उत्तर देतो, १.१.१.१ शांत: तुमचं मशीन निर्दोष आहे. राउटरच्या पलीकडे बघा. फायबरच्या डब्यावर एलओएसचा, म्हणजे सिग्नल तुटल्याचा, लाल दिवा असेल तर टर्मिनल मिटा आणि तक्रार नोंदवा.

१.१.१.१ उत्तर देतो आणि नावाला "टेम्पररी फेल्युअर इन नेम रिझोल्युशन" येतं: हा डीएनएसचा घोळ, गेटवेला हात लावू नका.

आणि मशीनचा पत्ताच १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर डीएचसीपीचं उत्तरच आलेलं नाही. मशीनने स्वतःच स्वतःचं नाव ठेवून घेतलंय. गेटवे तिथून मिळणार नाही.

कंपनी बदलली, राउटर नवा आला, सगळ्यांचं चालतं, फक्त माझ्या लिनक्सचं नाही.

जुना गेटवे हाताने टाकलेला आहे. जोडणी पुन्हा "ऑटोमॅटिक"वर न्या.

फायबरचा डबा ब्रिज मोडमध्ये आहे. गेटवेचा पत्ताच दिसत नाही.

तिथे लॉगिनचं काम राउटरऐवजी तुमचं मशीन करतं, पीपीपीओई पद्धतीने. जोडणी झाली की ईएनपी३एस० च्या वर पीपीपी० नावाचा एक नवा इंटरफेस उभा राहतो आणि तक्त्यात बहुधा "डीफॉल्ट डेव्ह पीपीपी० स्कोप लिंक" असं दिसतं. "वाया" नसलं तरी ते बरोबर आहे: या नळीला दोनच टोकं असतात, त्यामुळे पलीकडच्याचा पत्ता सांगायची गरज नसते. काही साइट उघडतात आणि काही अर्ध्यावर अडकतात असं होत असेल तर एमटीयू, म्हणजे एका पाकिटाचा कमाल आकार, बघा. पीपीपीओई आठ बाइट स्वतःसाठी घेतं, म्हणून १५०० चे १४९२ होतात. एवढी हौस नसेल तर डबा राउटर मोडमध्येच राहू द्या.

ऑफिसचा व्हीपीएन लावला की डीफॉल्टची ओळ तशीच राहते, पण नेट ऑफिसमधून जातं. हे कसं?

वरचा नियम आठवा: सगळ्यात नेमकी ओळ जिंकते. ओपनव्हीपीएन हे व्हीपीएनचं सॉफ्टवेअर बऱ्याचदा मूळ ओळीला हातच लावत नाही. ते ०.०.०.०/१ आणि १२८.०.०.०/१ अशा दोन ओळी टाकतं. दोन्ही मिळून अख्खं जग व्यापतात, आणि प्रत्येक ओळ ०.०.०.०/० पेक्षा एका बिटाने नेमकी. व्हीपीएन बंद झाला की त्या दोन ओळी काढल्या, जुनी वेस जशीच्या तशी. इतकी साधी चलाखी क्वचित बघायला मिळते.

आयपीव्ही६ चा गेटवे वेगळा असतो का?

हो. आयपीव्ही६ म्हणजे पत्त्यांची नवी पद्धत, वरचे सगळे चार आकड्यांचे पत्ते आयपीव्ही४ चे. "आयपी -६ राउट" लिहा. गेटवे एफई८० ने सुरू होणारा दिसेल. तो डीएचसीपीतून येत नाही, राउटर स्वतःच अधूनमधून घोषणा करतो ती ऐकून मशीन ओळ टाकतं. एफई८० चा पत्ता हाताने द्यायचा झाला तर पुढे "डेव्ह" आणि कार्डाचं नाव द्यावंच लागतं, कारण तो पत्ता फक्त त्या तारेपुरता असतो.

माझ्या लॅपटॉपलाच दुसऱ्या मशीनसाठी गेटवे बनवता येईल का?

येईल. वायफायवरून नेट घेणाऱ्या लॅपटॉपला केबलने जुना पीसी जोडा. नेटवर्कमॅनेजरमध्ये त्या केबलच्या जोडणीत आयपीव्ही४ साठी "शेअर्ड टू अदर कॉम्प्युटर्स" निवडा. लॅपटॉप स्वतःला बहुधा १०.४२.०.१ हा पत्ता घेतो, पीसीला डीएचसीपीने पत्ता देतो आणि पाकिटं पुढे पाठवू लागतो. पीसीवर "आयपी राउट" केलंत तर वाया १०.४२.०.१ दिसेल, म्हणजे आता वेस तुमच्या मांडीवर आहे. लॅपटॉप झाकून झोपायला गेलात की पलीकडच्या खोलीतून हाक येणार, "दादा, नेट नाही."